एकट्याने झोपण्याचे शिक्षण

कुत्र्याच्या लहान पिल्लाला रात्री क्रेटमध्ये, म्हणजे दार असलेल्या तारेच्या किंवा प्लॅस्टिकच्या घरगुती पिंजऱ्यात, एकट्याने झोपायला शिकवणे हे वरवर पाहता एकच काम वाटते. परंतु त्यात दोन स्वतंत्र धडे असतात. बंद जागेत स्वस्थ राहणे हा एक, आणि आपल्या माणसांपासून दूर असताना स्वस्थ राहणे हा दुसरा. बहुतेक घरांत हे दोन्ही धडे पिल्लू आल्याच्या पहिल्याच रात्री एकदम दिले जातात आणि त्यातून उठणाऱ्या आकांताचे खापर कधी पिल्लाच्या हट्टीपणावर, तर कधी पिंजऱ्यावर फोडले जाते. आधी जागा आपलीशी होऊ दिली, दार त्यानंतर लावले आणि माणसापासूनचे अंतर सर्वांत शेवटी वाढवले, तर तेच पिल्लू बिनघोर झोपू लागते. या शिक्षणाचे यश क्रेटच्या किमतीपेक्षा या क्रमावर अवलंबून असते.

भोपाळच्या दक्षिणेला नर्मदापुरम मार्गावर वसलेले मिसरोद हे पूर्वी शेतांनी वेढलेले गाव होते. आज गहू-सोयाबीनच्या उरल्यासुरल्या शिवारांना लागून तेथे ‘कव्हर्ड कॅम्पस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहती उभ्या आहेत, ज्यांत एका फाटकाआड आणि एका चौकीदाराच्या देखरेखीखाली घरे रांगेने, भिंतीला भिंत लावून बांधलेली असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. त्यांच्या पुढच्या पिढ्यांपैकी काहींची घरे आता शहराच्या या वाढत्या टोकाला आहेत. या घरांत सकाळी माणसे मंडीदीपच्या कारखान्यांकडे किंवा शहरातील कचेऱ्यांकडे निघून जातात, आणि रात्री भोपाळ-इटारसी लोहमार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे व रस्त्यावरच्या कुत्र्यांचे सामूहिक भुंकणे ऐकू येत राहते. पिल्लाला झोपायला शिकवायचे ते अशा घरात आणि अशा रात्रीत.

जुन्या मराठी घरात कुत्र्याची जागा ठरलेली असे. दत्तात्रेयांच्या पायाशी आणि खंडोबाच्या परिवारात मानाने स्थान मिळालेला हा प्राणी घरात माजघरापर्यंत येत नसे. तो ओसरीवर, अंगणात किंवा गोठ्याच्या तोंडाशी झोपे. तेथे तो माणसापासून वेगळा असला, तरी आतल्या माणसाचे खोकणे, कूस बदलणे आणि पहाटे उठणे त्याच्या कानावर येत असे आणि अस्वस्थ वाटल्यास उठून फिरायला त्याला अंगण मोकळे असे. मिसरोदच्या नव्या घरांना ओसरी नाही; दाराबाहेर गाडी उभी करण्यापुरती जागा आणि लगेच लोखंडी फाटक असते. त्यामुळे पिल्लाची झोप घराच्या आत आली, आणि आतली लादी, वायरी, चपला व पिल्लाचे दात यांचा मेळ घालण्यासाठी क्रेट आला.

क्रेटच्या समर्थनार्थ एक विधान सर्रास ऐकू येते, ते असे की कुत्रा हा मुळात बिळात राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला पिंजरा जात्याच आवडतो. या विधानात अर्धेच तथ्य आहे. व्यालेली कुत्री आडोसा शोधते हे खरे. परंतु तो आडोसा पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांपुरता असतो, त्याला दार नसते आणि त्यात पिल्लू एकटे नसते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आले आहेत. पिल्लांसाठी अशी कुत्री कोणती जागा निवडतात, याविषयीचा त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात या कुत्र्यांचा कल माणसांच्या वस्तीजवळच्या जागांकडे असल्याचे दिसून आले. म्हणजे कुत्र्याच्या मूळ वृत्तीचा आधार घ्यायचाच, तर ती वृत्ती आडोसा आणि सोबत या दोन्हींची मागणी करते. त्यांपैकी एक देऊन दुसरी एकदम काढून घेतली, तर पिल्लू ओरडणारच.

पिल्लाचे हे ओरडणे संशोधकांनी फार पूर्वीपासून अभ्यासले आहे. अमेरिकेतील मेन राज्यातल्या बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावर दीर्घकाळ काम केले आणि १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यानचा काळ हा पिल्लाचा ‘संवेदनक्षम कालखंड’, म्हणजे माणसे, जागा आणि आवाज यांच्याशी त्याचे नाते सर्वांत सहज जुळण्याचा काळ, असल्याचे या कामातून पुढे आले. स्कॉट यांनी एका सहकाऱ्यासह १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्लांना थोडा वेळ एकटे ठेवले, तेव्हा ओळखीच्या जागेपेक्षा परक्या जागेत ती कितीतरी अधिक ओरडली आणि हे ओरडणे सहा-सात आठवड्यांच्या वयात शिगेला पोहोचलेले आढळले. पुढे याक पांकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की मॉर्फिनसारख्या अफूजन्य द्रव्याच्या अल्प मात्रेनेही एकट्या ठेवलेल्या पिल्लांचा आक्रोश शमतो. सोबतीतून मिळणारे समाधान आणि वेदनेचे शमन या दोहोंचा मेंदूतील जवळचा संबंध त्यातून स्पष्ट झाला. या अवस्थेला ‘वियोगजन्य व्याकुळता’ म्हणतात. ती लबाडी नव्हे आणि मालकाला वाकवण्याचा डावही नव्हे.

पहिल्या रात्रीकडे या दृष्टीने पाहिले, तर तिचे काठिण्य ध्यानात येते. पाळीव कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. म्हणजे नियम पाळले गेले, तरी घरी येणारे पिल्लू अवघे दोन महिन्यांचे असू शकते. जन्मल्यापासून ते भावंडांच्या ढिगात झोपलेले असते, ज्यात कुणाचे पोट कुणाच्या पाठीला टेकलेले असते आणि एकाच्या श्वासाने दुसऱ्याचे अंग हलत असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची बरीचशी पिल्ले हिवाळ्यात जन्मतात, त्यामुळे दत्तक घेतलेले देशी पिल्लू अनेकदा थंडीतच घरी येते, जेव्हा भोपाळचा पारा रात्री १० अंशांच्या आसपास आणि कधी त्याहीखाली उतरतो. परकी जागा, गार लादी, ऊब देणारे अंग नाही आणि वर दाराची कडी लागलेली, असा चौफेर बदल एकाच रात्री झाल्यावर पिल्लाला झोप येईल ही अपेक्षा धरणेच चूक होय.

म्हणून कामाची सुरुवात दिवसा आणि जागेच्या निवडीपासून करावी लागते. क्रेट एवढा हवा की त्यात कुत्र्याला मान न वाकवता उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी पुढच्या वाढीचा विचार करून मोठा क्रेट घेतला, तर मधली जाळी लावून आतली जागा तात्पुरती कमी करतात, कारण जागा फार मोठी असली की पिल्लू एका कोपऱ्यात लघवी करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपते. खाली जाड गोधडी किंवा जुन्या सुती साडीच्या घड्या घालतात. घरी आणताना भावंडांच्या अंथरुणातले एखादे फडके मागून आणले, तर तो ओळखीचा वास पहिल्या रात्रींत मोठा आधार देतो. हिवाळ्यात क्रेटच्या तीन बाजूंवर चादर टाकल्याने ऊब आणि आडोसा दोन्ही मिळतात. मे महिन्यात, पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा, हीच चादर घातक ठरते, कारण कुत्र्याचे अंग मुख्यतः धापेतून थंड होते आणि त्यासाठी हवा खेळती असावी लागते. अशा वेळी क्रेट पंख्याखाली किंवा कूलरच्या झोताच्या बाजूला ठेवावा आणि वीज गेल्यास दार उघडून पिल्लाला बाहेर घ्यावे. आत ठेवण्यापूर्वी गळ्यातला पट्टा काढणे अत्यावश्यक आहे, कारण तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

मिसरोदमधल्या एखाद्या घरात दुपारच्या जेवणानंतर हा धडा चालू असताना जवळ बसून पाहिले, तर पिल्लाच्या अंगावर त्याची प्रगती वाचता येते. दार सताड उघडे ठेवून आत उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा टाकतात. पिल्लू प्रथम पुढचे दोन पाय आत टाकते, मान शक्य तितकी लांब करते आणि मागचे पाय बाहेर रोवून ठेवते. शरीराचा सारा भार मागच्या पायांवर असतो, म्हणजे तुकडा तोंडात येताच माघार घेण्याची तयारी असते. पुढच्या काही फेऱ्यांत मागचे पायही आत येतात. त्यानंतर ते आत गेल्यावर वळून दाराकडे तोंड करून उभे राहू लागते, आणि कधीतरी खाऊ संपल्यावरही तेथेच बसते. सर्वांत महत्त्वाची खूण त्याहून पुढची आहे: सावध पिल्लू चारही पंजे पोटाखाली घेऊन बसते, आणि निश्चिंत झालेले पिल्लू एका कुल्ल्यावर कलून मागचे पाय बाजूला सोडते, हनुवटी गोधडीवर टेकते आणि नाकातून एक मोठा उसासा सोडते. ही खूण दिसेपर्यंत दाराला हात लावू नये.

दाराचेही टप्पे असतात. कडीचा खणखणाट पिल्लाला प्रथम दचकवतो, म्हणून दार उघडेच ठेवून कडी नुसती वाजवतात आणि लगेच तुकडा देतात. पूर्वी निरर्थक किंवा अप्रिय असलेली खूण सुखद गोष्टीशी वारंवार जोडली गेल्याने स्वतःच सुखद होऊ लागते, या प्रक्रियेला मानसशास्त्रात ‘अभिजात अभिसंधान’ म्हणतात. मग दार एका श्वासापुरते लोटतात आणि पिल्लाने काही मागण्याच्या आत उघडतात. हळूहळू कडी लागते, माणूस शेजारी बसून भाजी निवडतो किंवा वाचतो, उठून पाणी पितो आणि परत येतो. यात घाई झाल्यास पिल्लू पंजाने जाळी खरवडू लागते, आणि अशा वेळी त्याला रागावण्याऐवजी आदल्या टप्प्यावर परत जाणे हाच योग्य उपाय ठरतो.

रात्रीचा धडा मात्र प्रारंभी सोबतीनेच द्यावा लागतो. क्रेट निजायच्या खोलीत, पलंगाला लागून ठेवतात. काही घरांत कुणीतरी पहिल्या रात्री जमिनीवर गादी टाकून क्रेटशेजारी झोपते आणि पिल्लू कुरकुरले की जाळीतून दोन बोटे आत देते. पिल्लू ती बोटे हुंगते, चाटते, नाक त्यांना टेकवून पडून राहते आणि पुष्कळदा तसेच झोपी जाते. या सोबतीने पिल्लू लाडावेल अशी भीती घरातले वडीलधारे बोलून दाखवतात. पण ज्याला हाकेला उत्तर मिळते हे ठाऊक झाले आहे, त्याची हाक कमी होत जाते. माणसाशी कुत्र्याचे जे नाते असते, ते लहान मुलाच्या आईशी असलेल्या नात्यासारख्या कसोट्यांनी तपासता येते, हे बुडापेस्ट येथील योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. मालक जवळ असताना कुत्री परक्या खोलीत अधिक निर्धास्तपणे वावरतात, हे त्यांना त्यात आढळले. काही रात्री सलग शांत गेल्यावर माणूस गादीवरून पलंगावर जातो आणि मग क्रेट सरकू लागतो. तो किती सरकवावा याला फरशीची लादी हे सोयीचे माप आहे: एक लादी, मग दोन, मग दाराचा उंबरा, मग दिवाणखाना. एखाद्या रात्री पिल्लू बेचैन झाले, तर क्रेट एक लादी मागे आणतात.

या काळात पिल्लाचे आवाज ओळखता येणे हे शिकवणाऱ्याचे मुख्य कसब होय. झोपेपूर्वीची बारीक, तुटक कुईकुई, जिच्यामध्ये जांभई आणि अंथरूण उकरणे असते, ती बहुधा आपोआप थांबते आणि तिच्याकडे लक्ष न दिलेलेच बरे. गाढ झोपेनंतर मध्यरात्री अचानक सुरू होणारी, चढत जाणारी कुईकुई आणि तिच्यासोबतचे गोल फिरणे हे बहुतेक वेळा लघवीचे लक्षण असते. अशा वेळी दिवा मंद ठेवून, न बोलता, न खेळता पिल्लाला ठरलेल्या जागी नेऊन परत आणावे. महिन्यांतले वय अधिक एक, इतके तास पिल्लू लघवी आवरू शकते, असा ठोकताळा आहे. त्यानुसार दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या सुमारास उठवावेच लागते आणि त्याला रात्रभर बंद ठेवणे ही त्याच्या शरीराकडून अशक्य गोष्टीची मागणी ठरते. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पार्व्होसारख्या जीवघेण्या रोगाचा धोका असल्याने ही जागा घराच्या आवारातलीच असावी. तिसरा आवाज याहून वेगळा असतो: सलग, उंच, श्वास न घेता केल्यासारखा, लाळ, धाप आणि जाळीवर दात मारणे यांसह येणारा. हा भयाचा आवाज आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे कोणत्याही पद्धतीत बसत नाही.

‘रडून रडून झोपेल’ हा सल्ला भयाचा हा आवाज आणि आधीची कुरकुर एकच मानतो, येथे त्याची चूक होते. फळ न मिळाल्यास वर्तन मावळते, याला ‘विलोप’ म्हणतात, आणि मावळण्यापूर्वी ते एकदा उसळी घेते. दमलेले कुटुंब नेमके या उसळीच्या वेळी, तासाभराच्या रडण्यानंतर, दार उघडते आणि पिल्लू अधिक काळ रडायला शिकते. अधूनमधून मिळणारे फळ, म्हणजे ‘अंशतः प्रबलन’, वर्तनाला विशेष चिवट बनवते, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात सविस्तर नोंदवले आहे. परंतु भय हे फळासाठी केलेले वर्तन नव्हे. घाबरलेल्या पिल्लाला तसेच सोडले, तर ते थकून गप्प होऊ शकते, आणि त्या रात्रीचे भय क्रेटशी जोडले जाऊन दुसऱ्या दिवशी ते क्रेट पाहूनच शेपूट पोटाखाली घालते. गप्प झालेले पिल्लू आणि शांत झालेले पिल्लू यांतला फरक सकाळी क्रेटचे दार उघडे ठेवले की कळतो: दुसरे पिल्लू आपल्या पायांनी परत आत जाते.

भिंतीला भिंत असलेल्या वसाहतीत या प्रश्नाला शेजाराचीही बाजू असते. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रहिवासी संघांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरीही नवे पिल्लू आल्याची आणि काही रात्री आवाज होण्याची पूर्वकल्पना शेजाऱ्यांना देणे हा साधा सौजन्याचा भाग आहे. लग्नसराईत मॅरेज गार्डनमधला डीजे आणि दिवाळीतले फटाके हे पिल्लाच्या शिक्षणातले कठीण प्रसंग होत. त्या रात्री नवा टप्पा गाठण्याचा प्रयत्न न करता क्रेट पुन्हा पलंगाजवळ घेणे आणि दार उघडे ठेवणे शहाणपणाचे असते.

क्रेटला मर्यादाही आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा अपराध आहे. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर घरात कुत्र्याला अशा लहान पिंजऱ्यात नेहमीसाठी ठेवण्यास कायद्याची मनाई आहे. कामावर गेलेली माणसे घरी परतेपर्यंत दिवसभर आणि पुन्हा रात्रभर पिल्लू क्रेटमध्ये राहणार असेल, तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही. अशा घराने खोलीचा एक भाग आडोसा लावून मोकळा द्यावा, किंवा पिल्लू आणण्याचा विचार पुढे ढकलावा. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये टाकणे तर सारे आधीचे कष्ट वाया घालवते. काही कुत्री संयमाने शिकवूनही बंद दाराआड दात आणि नखे रक्तबंबाळ करून घेतात; त्यांच्यासाठी क्रेट बाजूला ठेवून पशुवैद्याचा सल्ला घेणे आवश्यक असते.

एवढे सायास करण्याचे कारण निव्वळ शांत रात्र हे नव्हे. प्रत्येक कुत्र्याच्या आयुष्यात माणूस जवळ असू शकत नाही असे प्रसंग येतातच: शस्त्रक्रियेनंतर दवाखान्याच्या पिंजऱ्यात काढावी लागणारी रात्र, मोडलेला पाय जुळेपर्यंतची सक्तीची विश्रांती, घरात आजारपण किंवा मयत झाल्यावर दुसऱ्यांकडे ठेवावे लागणे. भोपाळहून नागपूर-पुण्याला आप्तांकडे रेल्वेने जाणाऱ्या कुटुंबाला कुत्रा सोबत न्यायचा असेल, तर वातानुकूलित पहिल्या वर्गातला पूर्ण कक्ष आरक्षित करावा लागतो, अन्यथा गार्डच्या डब्यातल्या श्वानपेटीत त्याला एकट्याने प्रवास करावा लागतो. बंद जागा आणि एकटेपण हे दोन्ही जो लहानपणी भीतीविना शिकला आहे, त्याचा अशा प्रसंगी निम्मा ताण तरी वाचतो.

हे शिक्षण विकत मिळत नाही. त्याला घरातल्या कुणाच्या तरी रात्री द्याव्या लागतात. जात, रंग आणि क्रेटचे माप ठरवण्यापूर्वी म्हणूनच कुटुंबाने एकत्र बसून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कोण रजेवर आहे, मध्यरात्री कोण उठेल आणि जमिनीवर गादी कोण टाकेल, एवढे ठरवावे. या प्रश्नांना नावानिशी उत्तर मिळाले, तर पिल्लू आणायला ती वेळ योग्य आहे असे समजावे.